वाण नव्हे, गुण : पूडलचे पिल्लू निवडताना

मराठी घरांत कुत्र्यांची नावे बहुधा रंगावरून पडत आली आहेत. पांढरा तो मोत्या, काळा तो काळू आणि अंगावर पट्टे असले की वाघ्या. नाव ठेवून झाल्यावर मग तो राखण कशी करतो, मुलांशी कसा वागतो, अनोळखी माणसावर धावून जातो की शेपूट हलवत सामोरा जातो, हे हळूहळू कळत जाई. गावाकडच्या त्या कुत्र्याच्या बाबतीत असे केल्याने काही बिघडत नसे. तो विकत आणलेला नसे, अंगणात वाढे, आणि त्याचे त्या घराशी जमले नाही तर शेजारच्या अंगणात जाऊन बसण्याचे स्वातंत्र्य त्याला असे.

आज परिस्थिती पालटली आहे. कुत्रा अंगणातून सदनिकेत आला. त्याला शेजारच्या घरी निघून जाण्याची सोय उरली नाही आणि त्याच्याशी पटले नाही तरी घराला बारा-पंधरा वर्षे सुटका नाही. मोठ्या शहरांमध्ये अलीकडे लोकप्रिय झालेल्या श्वानजातींपैकी पूडल ही एक. कुरळ्या केसांचे, चमकदार डोळ्यांचे हे पिल्लू पाहताक्षणीच मन जिंकते. मात्र ग्राहकाचा पहिला प्रश्न आजही तोच असतो : रंग कोणता? विक्रेताही त्याच भाषेत बोलतो. काळा, पांढरा, चॉकलेटी, रुपेरी, जर्दाळूच्या रंगाचा ॲप्रिकॉट, गडद लाल अशी यादी असते आणि रंगागणिक किंमत बदलते. स्वभावाची चौकशी झालीच तर अगदी शेवटी, पैसे मोजून झाल्यावर होते.

आपल्याकडे एक जुनी म्हण आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग, गुण म्हणजे स्वभाव. शेजाऱ्याचा रंग लागत नाही, पण त्याचा स्वभाव मात्र लागतो, हे बैल सांभाळणाऱ्या शेतकऱ्याने केव्हाच ओळखले होते. पूडलचे पिल्लू निवडताना ही म्हण किती उपयोगी पडते, हे या जातीचा इतिहास आणि गेल्या काही दशकांतील संशोधन पाहिले असता ध्यानात येते.

पाण्यातला कामकरी

पूडल म्हणजे श्रीमंतांच्या मांडीवरचे खेळणे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ही जात पाण्यात काम करणारी आहे. ‘पूडल’ हे नाव ज्या जर्मन शब्दावरून आले, त्याचा संबंध पाण्यात डुंबण्याशी आहे. फ्रेंच भाषेत याच कुत्र्याला ‘कानिश’ म्हणतात आणि त्या नावाचे मूळ बदकाच्या शब्दात आहे. शिकाऱ्याने टिपलेले बदक तळ्यातून पोहत जाऊन, दातांची इजा होऊ न देता, अलगद आणून देणे हे त्याचे मूळ काम. त्याच्या केसांची विचित्र वाटणारी कापणीही याच कामातून आली. पोहणे सुलभ व्हावे म्हणून मागच्या भागावरचे केस काढून टाकत आणि थंड पाण्यात छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेथील केस राखून ठेवत. पुढे प्रदर्शनांच्या काळात या गरजेचेच नखऱ्यात रूपांतर झाले.

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकानुसार पूडलचे उंचीवरून चार प्रकार पडतात : मोठा किंवा स्टँडर्ड (४५ ते ६० सेंटिमीटर), मध्यम (३५ ते ४५), मिनिएचर (२८ ते ३५) आणि टॉय (२४ ते २८). ‘टी-कप’ नावाचा प्रकार कोणत्याही मान्य मानकात नाही. तो बाजाराने निर्माण केलेला शब्द आहे. चहाच्या पेल्यात मावेल असे पिल्लू म्हणजे बहुतेक वेळा नाजूक हाडांचे आणि रक्तातील साखर एकाएकी उतरण्याचा धोका असलेले पिल्लू होय.

अमेरिकेतील केनेल क्लबच्या नोंदींनुसार १९६० ते १९८२ अशी सलग वर्षे पूडल ही तेथील सर्वाधिक लोकप्रिय जात होती. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात २०२० मध्ये ‘सिबा’ या काळ्या स्टँडर्ड पूडलने आणि २०२४ मध्ये ‘सेज’ या काळ्या मिनिएचर पूडलने सर्वोच्च मान मिळवला. विज्ञानाच्या इतिहासातही या जातीचे नाव आहे. कुत्र्याच्या जनुकसंचाचा पहिला कच्चा आराखडा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या ‘शॅडो’ नावाच्या पूडलचा होता. २००५ साली आलेला अधिक पूर्ण आराखडा ‘ताशा’ या बॉक्सर जातीच्या कुत्रीचा होता.

रंगाला चिकटलेल्या कथा

कुत्र्याच्या रंगावरून त्याच्या अंतरंगाविषयी निष्कर्ष काढण्याची माणसाची सवय जुनी आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धात राजपक्षाचा सेनानी प्रिन्स रूपर्ट याच्यापाशी ‘बॉय’ नावाचा एक पांढरा कुत्रा होता. तो पूडल असल्याचे सांगितले जाते. तो मालकाबरोबर रणांगणावर जाई. विरोधकांच्या पत्रकांनी त्याला जादूटोणा जाणणारा, सैतानाचा हस्तक ठरवले. १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला, तेव्हा शत्रुपक्षाला एखादा सरदार पडल्यासारखा आनंद झाला.

पुढे १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फाउस्ट’ या नाटकात जर्मन महाकवी गटे याने सैतानाला रंगभूमीवर आणले ते काळ्या पूडलच्या रूपात. हा कुत्रा फाउस्टच्या मागोमाग त्याच्या अभ्यासिकेत शिरतो आणि तेथे आपले खरे रूप प्रकट करतो. या प्रसंगावरून जर्मन भाषेत ‘पूडलचा गाभा’ असा वाक्प्रचारच रूढ झाला. वरच्या आवरणाआड दडलेले खरे मर्म, असा त्याचा अर्थ. एकाच्या लेखी पांढरा पूडल सैतानी, तर दुसऱ्याच्या लेखी काळा! बिचाऱ्या कुत्र्याच्या स्वभावाची चौकशी दोघांनीही केली नाही.

या कथांच्या पार्श्वभूमीवर तत्त्वज्ञ शोपेनहाउअर याचे उदाहरण वेगळे उठून दिसते आणि त्याचा धागा थेट भारतापर्यंत येतो. दारा शुकोहने १६५७ मध्ये करवून घेतलेल्या फारसी भाषांतरावरून उपनिषदे लॅटिनमध्ये गेली. तो ग्रंथ शोपेनहाउअरने अत्यंत आदराने वाचला. १८३३ पासून १८६० मध्ये मृत्यू होईपर्यंत तो फ्रँकफुर्ट येथे एकटाच राहिला. सोबतीला असे तो एक पूडल. एक गेला की दुसरा येई आणि एकामागून एक आलेल्या या कुत्र्यांना त्याने एकच नाव दिले : ‘आत्मा’. काया बदलली तरी आतले तत्त्व एकच, ही उपनिषदांची शिकवण त्याने आपल्या घरापुरती अशी आचरणात आणली होती.

रंगाचे गणित

रंगामागचे शास्त्र समजून घेतले म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यातील खरे-खोटे पारखता येते. कुत्र्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात. एक गडद, ज्याचा रंग काळा किंवा तपकिरी असतो. दुसरे तांबूस-पिवळसर. पूडलमधील सर्व छटा या दोहोंच्या कमी-अधिक प्रमाणातून उमटतात. गडद द्रव्याची निर्मिती केसांत होऊ न देणारे जनुक आई आणि वडील या दोघांकडून आले, तर पिल्लू पांढरे, मलईसारखे, ॲप्रिकॉट किंवा लाल होते. या तांबूस छटेची गडदता ठरवणाऱ्या घटकांपैकी एक २०२० मध्ये शास्त्रज्ञांना सापडला आणि त्या अभ्यासात पूडलचा समावेश होता.

तपकिरी रंग हा अप्रभावी जनुकाचा परिणाम आहे. त्यामुळे दोन काळ्या पूडलांच्या पोटी तपकिरी पिल्लू येऊ शकते. दोघांनीही ते जनुक लपवून बाळगलेले असेल, तर प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक इतकी असते. उलट दोन तपकिरी पूडलांच्या पोटी काळे पिल्लू जन्मत नाही. विक्रेता तसे सांगत असेल, तर त्याच्या वंशावळीच्या कागदांकडे पुन्हा एकदा पाहावे. तपकिरी पूडलचे नाक व ओठ यकृताच्या रंगाचे आणि डोळे मधासारखे असतात. काळ्या, रुपेरी व पांढऱ्या पूडलचे नाक काळे आणि डोळे गडद असावेत अशी अपेक्षा असते.

पूडलच्या बाबतीत सर्वांत मोठी गंमत अशी की, पिल्लाचा रंग हा अखेरचा रंग नसतो. या जातीत केस वयानुसार फिके करणारे जनुक मोठ्या प्रमाणावर आढळते. रुपेरी पूडल जन्मतः काळा असतो. सुमारे सहा आठवड्यांचा झाल्यावर त्याच्या तोंडावरचे व पंज्यांवरचे केस काढले, की मुळाशी रुपेरी छटा दिसू लागते. जन्मतः काळे असलेले दुसरे एखादे पिल्लू दोन वर्षांत निळसर-करडे होते. तपकिरी पिल्लू दुधाळ कॉफीच्या रंगाचे होऊ शकते. लाल आणि ॲप्रिकॉट तर फिके होण्यासाठी प्रसिद्धच आहेत. रंगासाठी जादा पैसे मोजणारा ग्राहक अनेकदा अशा मालाचे पैसे मोजतो, जो दोन वर्षांनी त्याच्या घरात राहणार नसतो.

‘दुर्मीळ’ या शब्दापासूनही सावध राहावे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पूडल एकाच रंगाचा असावा लागतो. ठिपक्याठिपक्यांचा, संगमरवरासारखा ‘मर्ल’ रंग या जातीचा मूळचा नव्हे. तो बहुधा दुसऱ्या जातीशी झालेल्या संकराची खूण असतो. मर्ल रंगाच्या नर-मादीचा संयोग घडवला, तर काही पिल्ले बहिरी किंवा दृष्टिदोष घेऊन जन्मतात. संकरित असण्यात कमीपणा काहीच नाही, परंतु शुद्ध जातीची किंमत घेऊन संकर विकणे ही फसवणूक ठरते.

रंग आणि स्वभाव : नाते किती?

‘लाल तापट असतात’, ‘काळे शांत असतात’, ‘पांढरे लाजाळू असतात’ अशी विधाने पूडलप्रेमींच्या मेळाव्यांत कानांवर पडतात. यांत तथ्य किती?

प्रश्न सर्वस्वी निराधार नाही. इंग्लंडमध्ये कॉकर स्पॅनिएल जातीच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकरंगी कुत्रे बहुरंगी कुत्र्यांपेक्षा अधिक आक्रमक आढळले आणि एकरंगींमध्येही लाल-सोनेरी कुत्र्यांचे प्रमाण अधिक होते. इंग्लंडमधील लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या २०१८ च्या अभ्यासात चॉकलेटी लॅब्रॅडॉरचे आयुष्य सुमारे १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या लॅब्रॅडॉरचे सुमारे १२.१ वर्षे असल्याचे आढळले. चॉकलेटींमध्ये कानांचे व त्वचेचे विकारही अधिक होते.

परंतु येथे कारण आणि योगायोग यांची गल्लत होऊ देता कामा नये. एखाद्या रंगाला मागणी वाढली, की पैदासकार त्याच रंगाच्या मोजक्या कुत्र्यांचा आपसात संयोग घडवतात. रंग टिकतो. पण त्याबरोबर त्या मोजक्या घराण्यांतील आजार आणि स्वभावातील खोटही पुढच्या पिढीत उतरते. दोष रंगाचा नसतो. रंगाच्या मागे लागून संकुचित केलेल्या वंशाचा तो परिणाम असतो. स्टँडर्ड पूडलमध्ये हे स्पष्ट दिसून आले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास थोड्याच लोकप्रिय कुत्र्यांपासून मोठ्या प्रमाणावर पैदास झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने, अधिवृक्क ग्रंथींचा ‘ॲडिसन’ नावाचा विकार आणि त्वचेतील तैलग्रंथींचा विकार यांच्या वाढीचा संबंध या आकुंचनाशी जोडला.

रंग आणि स्वभाव यांच्या नात्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कुत्र्यांचे नव्हे, कोल्ह्यांचे आहे. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव्ह यांनी १९५९ मध्ये एक प्रयोग सुरू केला. फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांपैकी माणसाला कमी घाबरणारे तेवढे निवडून त्यांचीच पैदास करायची, एवढीच अट. काही पिढ्यांतच शेपूट हलवणारे, माणसाचा सहवास शोधणारे कोल्हे जन्मले आणि काहींच्या कपाळावर पांढरा ठिपकाही दिसू लागला. स्वभाव निवडला आणि रंग मागून आला, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. हे कोल्हे मूळचे कॅनडातील फरच्या व्यवसायातून आलेले होते आणि अशी काही लक्षणे त्यांच्यात आधीपासूनच होती, असे २०१९ मध्ये काही संशोधकांनी निदर्शनास आणून दिल्यावर मात्र त्या निष्कर्षाला मर्यादा पडली. माणसाळूपणा आनुवंशिक निवडीने वाढवता येतो, हे मूळ फलित कायम राहिले.

२०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि त्यांपैकी काही कुत्र्यांची जनुकीय माहिती ताडून पाहिली. कुत्र्या-कुत्र्यांतील स्वभावभेदांपैकी केवळ सुमारे ९ टक्के भाग त्याच्या जातीवरून सांगता येतो, असे त्यांना आढळले. जिथे संपूर्ण जातीचा वाटा एवढाच, तिथे त्या जातीतील एका रंगावर विसंबून स्वभावाचे भाकीत करणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

पूडलची वृत्ती

तरीही जातीची काही ठळक लक्षणे असतात आणि ती ठाऊक असणे हिताचे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, शिकण्याच्या तत्परतेनुसार केलेल्या क्रमवारीत बॉर्डर कॉलीच्या खालोखाल पूडलला दुसरे स्थान मिळाले. बुद्धिमान कुत्रा म्हणजे आपोआप आज्ञाधारक कुत्रा, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. जो चांगले चटकन शिकतो, तो वाईटही तितक्याच चटकन शिकतो. दाराची घंटा वाजली की भुंकायचे आणि भुंकले की कोणीतरी उचलून घेते, हे टॉय पूडल दोन दिवसांत शिकतो. मग दोन वर्षे घर ते विसरायला शिकवत बसते.

पूडल माणसांच्या सहवासाचा भुकेला आणि घरातील वातावरणाची चटकन नोंद घेणारा असतो. सकाळी आठला सर्वांनी बाहेर पडायचे आणि रात्री आठला परतायचे, अशा घरात तो एकटेपणाने कुढतो, वस्तू कुरतडतो किंवा सतत भुंकतो. मोठ्या प्रकाराला रोजचा भरपूर व्यायाम लागतो. छोट्यांना व्यायाम कमी पुरतो, पण डोक्याला काम सर्वांनाच लागते.

याला जोडून एक गैरसमजही दूर करणे आवश्यक आहे. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, म्हणून दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या रुग्णांना तो बिनधोक, असे सर्रास सांगितले जाते. ॲलर्जी मुख्यतः लाळेतील व त्वचेतील प्रथिनांमुळे होते. अशा ‘निर्धोक’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत ही प्रथिने कमी आढळत नाहीत, असे २०११ मधील अभ्यासाने दाखवले. २०१२ मधील दुसऱ्या अभ्यासात तर या जातींच्या केसांत त्यांचे प्रमाण अधिक आढळले. घरात कोणाला असा त्रास असेल, तर पिल्लू आणण्यापूर्वी त्या व्यक्तीने पूडल असलेल्या घरी काही वेळा जाऊन बसावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पिल्लू पाहायला जाताना

अशी कल्पना करावी की, एक कुटुंब पिल्लू पाहायला गेले आहे. टोपलीत सहा पिल्ले आहेत. धाकट्या मुलीची नजर एका लालसर पिल्लावर खिळली आहे. आईला पांढरे हवे आहे. वडील किंमत विचारत आहेत. या क्षणी कोणीतरी थोडे मागे सरून शांतपणे पाहण्याची गरज असते.

पहिली गोष्ट म्हणजे पिल्लांची आई पाहावी. ती दाखवण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, रस्त्याच्या कडेला किंवा वाहनतळावर पिल्लू आणून देतो म्हणत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. आई पाहुण्यांना कशी सामोरी जाते, तिच्या मालकाशी कशी वागते, यावरून पिल्लांच्या भावी स्वभावाचा जितका अंदाज येतो, तितका त्यांच्या रंगावरून कधीच येत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री आपल्या देशात नियमबाह्य आहे. श्वानपैदास व विक्रीसंबंधी २०१७ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. ते नोंदणीपत्र मागण्यात संकोच बाळगू नये. केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळ, मायक्रोचिपचा क्रमांक आणि लसीकरणाची नोंदवही हेही तपासावे. कर्जाच्या अर्जासोबतची कागदपत्रे जितक्या काटेकोरपणे पाहिली जातात, तितक्याच काटेकोरपणे ही पाहावीत. मूळ प्रत पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

तिसरी गोष्ट आरोग्याची. टॉय व मिनिएचर पूडलमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक विकार आणि गुडघ्याची वाटी सरकण्याची तक्रार आढळते. मोठ्यांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आणि पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा विकार संभवतो. डोळ्यांच्या विकाराची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. आई-वडिलांची ती केली आहे काय, हा प्रश्न जाणकार पैदासकाराला आनंद देतो आणि इतरांना गोंधळात टाकतो. उत्तराइतकाच हा गोंधळही बोलका असतो.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष पिल्लाची. सर्वांना ढकलून प्रथम धावत येणारे पिल्लू धीट असते, पण पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराला ते झेपेलच असे नाही. कोपऱ्यात दडून बसलेल्या पिल्लाची दया येते, परंतु केवळ दयेपोटी निवड करू नये. थोडे थबकून, हुंगून, मग आपणहून जवळ येणारे पिल्लू बहुतेक घरांना मानवते. किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकावा. पिल्लू दचकले तरी चालेल, ते पुन्हा सावरून आवाजाच्या दिशेने पाहते का, एवढे पाहावे. पोटाशी धरून उचलले असता क्षणभर धडपडून ते शांत होते का, हेही पाहावे.

अर्थात, अशा एका भेटीतील चाचणीवर फार विसंबता येत नाही. बॉर्डर कॉली पिल्लांच्या चाचण्यांची तीच पिल्ले मोठी झाल्यावरच्या वर्तनाशी तुलना करणारा व्हिएन्ना येथील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पिल्लूपणीच्या वर्तनातून पुढचे भाकीत जवळजवळ करता आले नाही. नव्या गोष्टींचा शोध घेण्याची वृत्ती तेवढी काही अंशी टिकली. म्हणून एकाऐवजी दोन-तीन भेटी द्याव्यात आणि पिल्लांबरोबर रोज राहणाऱ्या पैदासकाराचे मत विचारावे.

गुण लागण्याचे दिवस

स्वभाव जन्मतःच पूर्ण ठरलेला नसतो, ही यातली आशेची बाजू. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सामाजिक जडणघडणीस निर्णायक असतो, असे त्यांनी दाखवले. या काळात जे भेटते ते आपले वाटते, जे भेटत नाही त्याची पुढे भीती वाटते.

हिशेब सोपा आहे. आठ आठवड्यांचे पिल्लू घरी आले, तर या काळातील जेमतेम चार आठवडे नव्या घराच्या वाट्याला येतात. लसीकरण पुरे झालेले नसते, त्यामुळे रस्त्यावर सोडता येत नाही. पण कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहता येते. कुकरची शिट्टी, रिक्षाचा भोंगा, उद्वाहनाचे दार, आजोबांची काठी, शाळेतून परतणारी मुले, देवघरातील घंटा, हे सारे थोडे थोडे, खाऊच्या सोबतीने ओळखीचे करून देता येते. गणेशोत्सवातील ढोल आणि दिवाळीतील फटाके ज्या घरांच्या वर्षक्रमात आहेत, तेथे तर याची विशेष गरज असते. या चार आठवड्यांत कोणीतरी सुट्टी घेऊन घरी थांबणे हे पिल्लाच्या किमतीहूनही मोलाचे ठरते.

केसांना हात लावू देणे हाही शिकवण्याचाच विषय आहे. पूडलचे केस गळून पडण्याऐवजी कुरळ्या केसांत अडकतात आणि त्यांची जट होते. विशेषतः नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येताना, हा गुंता फार होतो. रोज विंचरणे आणि दर चार ते सहा आठवड्यांनी कापणी, यातून सुटका नाही. नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात केस आखूड ठेवावेत, पण अगदी त्वचेपर्यंत काढू नयेत. कोकण, मुंबई, गोवा येथील पावसाळ्यात लोंबत्या कानांत ओल राहून संसर्ग होतो आणि दाट केसांत गोचिड्या दडतात. गोचिडीपासून होणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

ताळेबंद

पिल्लाची किंमत हा खर्चातील सर्वांत लहान आकडा असतो. आहार, केशकर्तन, वार्षिक लसी, पशुवैद्यकाचे शुल्क, गावाला जाताना ठेवण्याची व्यवस्था आणि एखादी अकस्मात उद्भवणारी शस्त्रक्रिया यांचा महिन्याचा अंदाज आधी कागदावर मांडावा आणि त्याला बारा-पंधरा वर्षांनी गुणावे. जो आकडा येईल तो पाहून कुटुंबाने एकत्र बसून निर्णय घ्यावा. पिल्लू घरी येईल त्याच महिन्यात त्याच्या नावे लहानशी आवर्ती ठेव सुरू केली, तर आजारपणाच्या दिवशी उपचार आणि ऐपत यांत निवड करण्याची वेळ येत नाही.

दुसरा हिशेब वयाचा. साठाव्या वर्षी आणलेले पिल्लू मालकाच्या पंचाहत्तरीपर्यंत सोबत करू शकते. ही सोबत मोठी आहे, पण मध्येच मालक अंथरुणाला खिळला तर कुत्र्याचे काय? खात्याला जसे नामनिर्देशन असते, तसे या जिवालाही असावे. कोण त्याला घेईल, हे त्या व्यक्तीशी बोलून आधीच ठरवावे. पहिल्या वर्षातील कष्ट झेपणार नाहीत असे वाटल्यास, स्वभाव पूर्ण उमगलेला प्रौढ कुत्रा किंवा आसऱ्याच्या शोधातील एखादा देशी कुत्रा दत्तक घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. सोसायटीच्या फाटकाशी किंवा महामार्गाच्या कडेला सोडून दिलेले, जट झालेल्या केसांचे विदेशी कुत्रे आज अनेक शहरांत दिसतात. त्यांपैकी प्रत्येकाला कधीतरी कोणीतरी रंग पसंत करून घरी नेले होते.

त्या टोपलीभोवती बसलेल्या कुटुंबाकडे परत येऊ. धाकट्या मुलीने लालसर पिल्लूच निवडले आणि ते थबकून, हुंगून, आपणहून तिच्या मांडीवर चढले असेल, तर ते जरूर घरी न्यावे. रंगाची आवड असण्यात गैर काही नाही. मात्र दोन वर्षांनी तो लाल रंग फिका होऊन मलईसारखा झालेला असेल. तेव्हा दार उघडताच धावत येणारे, फटाक्यांच्या आवाजात शांतपणे पायाशी बसणारे, आजोबांच्या काठीला वळसा घालून जाणारे असे काही त्या घरात असेल की नसेल, हे त्या घराने त्याला त्या पहिल्या काही आठवड्यांत आणि पुढे रोज काय दिले यावर अवलंबून राहील. वाण उतरून जातो. शेजारी बांधलेल्याचा गुण तेवढा लागतो आणि या गोष्टीत शेजारी म्हणजे आपण असतो.